ताट न सांडता

“धर माझा हात,” शिकलगार सर म्हणाले.

चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. हॉल एकच, नगरपालिकेच्या शाळेचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचं कराटे. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझं तायक्वांदो. किल्ली शिपायाकडे ठेवायची म्हणजे तोंड बघायला नको, अशी सोय दोघांनीही न ठरवता लावलेली. आणि त्या गुरुवारी सकाळी पोरं घरी गेल्यावर मी मॅट झाडत होतो, तर हे दारात हजर. चपला बाहेर काढल्या, आत आले, रामराम नाही की काही नाही, आणि उजवा हात माझ्यापुढे केला.

मला वाटलं, झालं, आता मारामारी होतेय. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि डोकं कायम तापलेलं. म्हटलं, म्हाताऱ्याला हौसच आहे तर होऊन जाऊ दे. त्यांचं मनगट मी गच्च धरलं. त्यांनी कंबर जराशी खाली घेतली, माझा अंगठा आणि बोटं यांच्यामधल्या फटीतून हात असा काही काढला की मला कळलंच नाही, आणि दुसऱ्या हाताची मूठ माझ्या नाकापासून बोटभर अंतरावर येऊन थांबली. घाबरलो नाही म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मी डोळे मिटले होते.

“हे असं मला येतं,” सर म्हणाले. “मनगट सुटतं, पण समोरच्याचं नाक फुटतं. नाक न फोडता कसं करायचं, हे तुझ्या कोरियन शास्त्रात आहे का?”

इस्माईल शिकलगार आणि मला विचारायला आले! ज्या माणसाने नऊ वर्षं मला कराटे शिकवलं, माझ्या कमरेला ब्लॅक बेल्ट बांधला, तो माणूस. मी पुण्याच्या एका शिबिरात जाऊन तायक्वांदो शिकून आलो, जयसिंगपुरात स्वतःचा क्लास काढला आणि त्यांची अकरा पोरं माझ्याकडे आली, तेव्हापासून आमचं फाटलेलं. पोरांचंही चुकलं नव्हतं. तायक्वांदो नुकतंच ऑलिंपिकमध्ये आलं होतं, त्याच्या सर्टिफिकेटवर नोकरीत खेळाडूंचा कोटा मिळेल अशी आशा होती. सर मात्र म्हणाले होते, “मगदुमाच्या पोराने तालीम सोडून दुकान टाकलं.” आमची शेंगांची आडत, त्यामुळे ते मला जास्तच झोंबलं होतं.

“कुणासाठी पाहिजे?” मी विचारलं.

“माझ्या बायकांच्या बॅचला एक बाई येते. घरात एक जण तिचं मनगट धरतो आणि पिरगळतो. डॉक्टरनी सांगितलंय, आणखी एकदा पिरगळलं तर हात कामातून गेला. आणि सगळं घर तिच्या त्या हातावर चालतंय.”

“मग फोडू दे की नाक त्याचं! हवंय कशाला कोरियन शास्त्र?”

“तिची अट आहे. त्याला लागता कामा नये. ओरखडासुद्धा नाही.”

“आयला, ही काय अट? कोण आहे तो?”

“नाव कुणाला सांगायचं नाही, असं वचन घेतलंय तिनं माझ्याकडून. आणि तो चपळ आहे. एकदा सुटला हात तर परत धरतो. रविवारी ती येणार आहे. तोवर काढ काहीतरी.”

सर निघून गेले, आणि मी दिवसभर छाती फुगवून फिरलो. कराटेवाल्याला शेवटी माझ्या दारात यावं लागलं! त्या बाईचा विचार मनात आला नाही असं नाही, पण खरं सांगतो, तो दुसऱ्या नंबरला आला.

त्या दिवसांत माझं सगळं लक्ष लागलं होतं सुदर्शनवर. सुदर्शन लोहार, वय बावीस, माझा सगळ्यात चांगला खेळाडू. उडी मारून फिरवलेली त्याची लाथ बघायला लोक रस्त्यावरून हॉलमध्ये यायचे. राज्य स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. तिथे जिंकला की राष्ट्रीय स्पर्धा, आणि पोलीसभरतीत खेळाडू म्हणून जागा. अडचण एकच होती. त्याचं वजन अठ्ठावन्न किलो, आणि अठ्ठावन्नच्या गटात पुण्याचा एक पोरगा होता, सलग दोन वर्षं राष्ट्रीय विजेता ठरलेला. म्हणून मी सुदर्शनला चौपन्नच्या गटात उतरवायचं ठरवलं होतं. चार किलो उतरवायचं. यात काही विशेष नाही, सगळेच उतरवतात, असं मला वाटायचं.

दुपारी आमच्या आडतीत पोत्यांच्या काट्यावर मी त्याचं वजन घ्यायचो. त्या दिवशी तो रेनकोट घालून आठ किलोमीटर पळून आला होता. एप्रिलचं ऊन. रेनकोट काढला तर बाहीतून पाणी सांडलं.

“पंचावन्न चारशे,” मी म्हटलं. “काल पंचावन्न तीनशे होतं. वाढलं कसं रे?”

तो काट्यावरून खाली उतरला.

“काय खाल्लंस?”

“अर्धी भाकरी, सर. आईनं लईच—”

“आईनं! अरे, खेळणार तू का तुझी आई? माझी आई साठीत आहे. आमच्या जैनांच्या दशलक्षण पर्वात दहा दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढते आणि वर देवळात उभ्याने आरती करते. तुला बावीस वर्षांच्या घोड्याला चार किलो होत नाहीत?”

“घरात दिवसभर भाकरीचा वास येतो, सर. झोपताना पण येतो.”

आमच्या घरात उपास म्हणजे पुण्य. भूक सहन होत नाही असं कुणी म्हटलं की मला तो माणूस ढिला वाटायचा. माझी आई मनाने उपास करते आणि त्या पोराला मी जबरदस्तीने उपाशी ठेवतोय, हा फरक माझ्या टाळक्यात शिरला नव्हता.

“ऐक,” मी म्हटलं. “पहिल्या दिवसापासून सांगतोय तेच परत सांगतो. स्पर्धा होईपर्यंत जो तुझ्यापुढं ताट आणेल तो तुझा वैरी. कुणी का असेना. ताट पुढं आलं की हात धरायचा आणि मागं सारायचा. कळलं?”

“होय, सर,” तो म्हणाला. त्याचे ओठ फुटले होते आणि डोळे खोल गेले होते. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला त्याचा अभिमान वाटत होता.

शुक्रवारी पहाटे सर आणि मी हॉलमध्ये भेटलो. मी तयारी करून गेलो होतो. पुण्याच्या शिबिरात कोरियन मास्तरांनी तायक्वांदोबरोबर पाच दिवस हापकिडोही शिकवलं होतं. त्यात मनगटाचंच काम जास्त. सरांनीही एक जुनी वही आणली होती. मुंबईला कधीतरी आयकिडोच्या शिबिराला गेले होते, त्याची चित्रं काढून ठेवलेली. आयकिडो जपानी, हापकिडो कोरियन.

“धर,” मी म्हटलं. त्यांनी धरलं. मी हात आतल्या आत वळवला, दुसऱ्या हाताने त्यांचा पंजा पकडला आणि मनगट मुडपलं. सर गुडघ्यावर आले.

“अल्ला! सोड, सोड. हे तर मोडणारं आहे.”

“मोडायच्या आधी थांबायचं, सर.”

“घाबरलेल्या बाईला कुठं थांबायचं ते कळतंय होय? आता तू धर माझा.” त्यांनी हात सोडवायचा प्रयत्नच केला नाही. माझ्या बाजूला वळले, एक मोठं पाऊल टाकलं, आणि मी आपला त्यांच्या हाताला धरून गोल फिरत गेलो आणि मॅटवर बसलो. कुठे दुखलं नाही. बसल्यावर हसू आलं.

“तेच आहे हे!” मी म्हटलं. “वळणं तेच, पकड तीच. फक्त तुमचा गोल मोठा, आमचा लहान.”

“असणारच. चिनी लिपीत नाव लिहिलं तर दोघांची तीन अक्षरं तीच आहेत. एक कोरियन गडी जपानात राहून असलंच काहीतरी शिकला, परत गेला आणि त्यात लाथा घातल्या. तुमचे तायक्वांदोचे जुने मास्तरही कराटेच शिकून गेलेले. म्हणजे काय, तुझं तायक्वांदो माझ्या कराटेचं पोरगं.”

“पोरगं बापापेक्षा उंच लाथ मारतंय, सर.”

“मारू दे. पण हात असतात कशाला तुमच्यात? तोल सांभाळायला?”

मी हसलो. चार वर्षांनी आम्ही दोघं एकत्र हसत होतो, आणि मला एकदम इतकं बरं वाटलं की काय सांगू. पण कामाचं बोलायचं तर दोन्ही निरुपयोगी होतं. माझ्या रीतीने धरणाऱ्याचं मनगट मोडत होतं. सरांच्या रीतीला जागा लागत होती, आणि सर म्हणाले, “तिच्या स्वयंपाकघरात चार फूट मोकळी जागा नाही. एका अंगाला चूल, एका अंगाला भिंत.”

“स्वयंपाकघरात धरतो होय तो?”

“होय.”

मग आम्ही खडूने मॅटवर चार फुटांचा चौकोन काढला आणि त्यात एकमेकांचे हात धरून झटापट करत बसलो. शिपाई दारातून बघून गेला. दोन ब्लॅक बेल्टवाले पहाटे सहाला फुगडी खेळतायत असंच त्याला वाटलं असणार.

शनिवारी सरांनी नवीनच काढलं. “एक सांगायचं राहिलं. तिचा दुसरा हात मोकळा नसतो.”

“का?”

“ताट असतं त्यात. आणि ताट सांडता कामा नये म्हणते.”

मी मॅटवर बसकणच मारली. “सर, ही बाई तुमची थट्टा करतेय. त्याला लागू नये, जागा नको, दुसरा हात नको, आणि वर ताट सांडू नये! असलं शास्त्र ना जपानात आहे ना कोरियात. नवरा आहे का तो?”

“नवरा वारलाय तिचा.”

“मग आहे तरी कोण असा लाडका?”

सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, माझा आवाज चढला म्हणून रागावले. मी म्हटलं, “बरं, बरं. उठा. धरा हात.”

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण आम्ही काढलं ते. शाळेतल्या पाण्याच्या माठावरची ताटली घेतली, त्यात पाणी भरलं. कंबर खाली घ्यायची ती कराटेची. आत शिरायचं आखूड पाऊल हापकिडोचं. मग मनगट मुडपायचं नाही, आपलं कोपर धरणाऱ्याच्या कोपरावर ठेवून आयकिडोसारखं नुसतं खाली चालत राहायचं. धरणारा आपोआप खाली बसतो. बसला की त्याची पकड ढिली होते. सोळाव्या वेळी मी सरांना खाली बसवलं आणि ताटलीतलं पाणी हललं पण सांडलं नाही. मी नाचायचाच राहिलो होतो.

“उद्या मी पण येतो,” मी म्हटलं.

“तू येऊ नकोस. बाई लाजेल.”

“लांब उभा राहतो की. आपण काढलेलं चालतंय का ते बघायला नको?”

सर “बरं” म्हणाले. ते इतक्या पटकन ऐकतील असं मला वाटलं नव्हतं.

त्या दुपारी काट्यावर सुदर्शन चौपन्न नऊशे भरला. मी खुशीत त्याच्या हाताला टाळी दिली. त्याने हसायचा प्रयत्न केला आणि काट्याची साखळी धरून खाली बसला. “चक्कर आली, सर. काई न्हाई.” मी त्याला चूळ भरायला पाणी दिलं आणि गिळू नको म्हणून बजावलं.

रविवारी दहा वाजता मी हॉलवर गेलो. दरवाजा लोटलेला होता. आत सर उभे होते, आणि त्यांच्यासमोर पाठमोरी एक बाई. डाव्या हातात कालचीच ताटली. उजव्या मनगटाला हळदीचा लेप लावून फडकं गुंडाळलेलं.

“कंबर खाली, मावशी,” सर सांगत होते. “शेतात खुरपायला बसता तशी. हां. आता चाला.”

ती वळली. मालनमावशी होत्या. सुदर्शनची आई.

एस. टी. स्टँडमागे दोन खोल्यांत त्यांची खानावळ. कॉलेजच्या पोरांसाठी दिवसाला दोनशे भाकऱ्या थापायच्या. सुदर्शनला पहिल्यांदा माझ्या क्लासला घेऊन आल्या होत्या त्या याच.

मला बघितल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल? मनगट पदराखाली घेतलं.

“सर, तुमी कशापाय आला?” त्या शिकलगार सरांकडे वळल्या. “तुमी वचन दिलं हुतं न्हवं!”

“मी नाव सांगितलं नाही, मावशी. त्याने डोळ्यांनी बघितलं.”

“मावशी,” मी म्हटलं, “सुदर्शन? सुदर्शन धरतो हात?”

“आवं, त्येला काई म्हनू नगा. त्येला टीममधनं काडू नगा. वंगाळ न्हाई वो पोरगं माजं. भुकेचा राग हाय त्यो. ताट घिऊन गेले की डोळं मिटून हात धरतंय नि मुरगाळतंय, त्येचं त्येला तरी कळतंय का? धा दिसाचा खेळ हाय. मी म्हनलं, तेवड्यात आपुन सुटायचं शिकून घ्यावं.”

“सुटून काय करणार होता? पळणार होता?”

“पळू कशाला?” त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. “सुटून ताट ठेवायचंय मला त्येच्यापुढं. हात धरला की ताटच ठेवाय मिळत न्हाई बगा. येक डाव ठेवलं की खाईल त्यो. न्हाई कसा खाईल?”

मी भिंतीला टेकलो. हे वाक्य मी शिकवलं होतं. ताट पुढं आलं की हात धरायचा. पोरगं शहाणं, सांगितलं तेवढं बिनचूक करणारं.

“सर,” मी शिकलगार सरांना म्हटलं, “तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.”

“माहीत होतं.”

“मग सरळ सांगायचं होतं मला! तीन दिवस माझ्याकडून काय नाटक करून घेतलंत?”

“मनगट सोडवायला मला तुझी गरज होती असं वाटलं होय तुला?” सरांचा आवाज चढला नाही. “सरळ येऊन सांगितलं असतं की तू पोराला उपाशी मारतोयस, तर काय म्हणाला असतास?”

काय म्हणालो असतो ते मला शब्दशः माहीत होतं. कराटेवाला माझा पोरगा फोडायला आलाय. असंच म्हणालो असतो, आणि चार लोकांत म्हणालो असतो. मी मान खाली घातली.

“चला, मावशी,” मी म्हटलं. “घरी आहे का तो?”

“पळाय गेलता. आला असंल. सर, त्येला मारू नगा हां.”

मारू नका! मला त्या माउलीच्या पाया पडावंसं वाटत होतं, आणि ती मला विनवत होती.

आम्ही तिघं स्टँडमागच्या खोल्यांवर गेलो. पोरांची जेवणं व्हायची होती. चुलीशेजारच्या टोपलीत भाकऱ्यांची चळत झाकलेली. आतल्या खोलीत सुदर्शन भिंतीला टेकून बसला होता, अंगात रेनकोट तसाच, डोळे मिटलेले. त्याच्या गळ्याची हाडं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. काट्यावर मी नुसता आकडा बघायचो.

मी मावशींना खूण केली. त्यांनी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, दही. ते ताट मी घेतलं आणि त्याच्यासमोर वाकलो.

त्याने डोळे उघडले नाहीत. त्याचा हात मात्र आला. मनगट धरलं आणि असं काही मुरगळलं की खांद्यापर्यंत कळ गेली. भाजी माझ्या पँटवर सांडली. गेले दोन दिवस मी याच पकडीतून सुटायचा सराव करत होतो. कराटेची रीत येत होती, हापकिडोची येत होती, दोन्ही मिळून काढलेलीही येत होती. मी काहीच केलं नाही. म्हटलं, कळू दे जरा किती दुखतं ते.

“सांगितलंय न्हवं तुला!” तो ओरडला आणि मग त्याने डोळे उघडले. हात चटका बसल्यासारखा सुटला. “सर! सर, चुकलं. मला वाटलं...”

“काय वाटलं?”

“मला वाटलं, आई हाय.”

तो स्वतःच आपलं वाक्य ऐकत बसल्यासारखा बसला. मग त्याने आईकडे बघितलं. आईने मनगट पदरात घट्ट धरलं होतं. तो उठला, भिंतीला धरत धरत तिच्यापाशी गेला आणि पदर बाजूला केला. फडकं सोडलं. मनगट टम्म सुजून काळंनिळं झालं होतं.

“हे मी केलंय?”

“न्हाई रं. भाकऱ्या थापून झालंय.”

“आई, हे मी केलंय का?”

त्यांनी फडकं परत गुंडाळायला घेतलं. तो तिथेच चुलीपुढे खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. रडायलासुद्धा अंगात पाणी राहिलं नव्हतं त्याच्या. नुसता आवाज येत होता.

“सुदर्शन,” मी म्हटलं, “तू नाही केलंस. मी केलंय. ताट आणेल तो वैरी, हे मी सांगितलं तुला. चुकलो मी. आईची माफी तू नंतर माग, आधी मी मागतो.” आणि मी मावशींच्या पायांना हात लावला. त्या “अगं बया, सर, काय करताय हे” म्हणत मागे सरकल्या आणि त्यांचं डोकं फडताळावर आपटलं. शिकलगार सर त्यातही हसले. मग मावशीही हसल्या.

दुसरं ताट मावशींनी डाव्या हाताने वाढलं आणि डाव्याच हाताने त्याच्यापुढे ठेवलं. त्याने भाकरी मोडायला घेतली, पण बोटांत तेवढा जोर राहिला नव्हता. त्यांनी शेजारी बसून भाकरीचा तुकडा मोडला, दह्यात बुडवला आणि त्याच्या तोंडात घातला.

“हळू खा,” त्या म्हणाल्या. “लई दिसानं पोटात जातंय. सोसंल तेवडंच खा.”

थोड्या वेळाने त्याने विचारलं, “सर, चौपन्नचं काय?”

“अठ्ठावन्नमध्ये खेळायचं.”

“त्यात पुण्याचा हाय.”

“असू दे.”

“हरीन मी, सर.”

“हरशील बहुतेक,” मी म्हटलं. पहिल्यांदाच त्या पोराशी मी खरं बोलत होतो.

आठ दिवसांनी तो अठ्ठावन्नच्या गटात खेळला. शिकलगार सर आमच्याबरोबर आले होते, तायक्वांदोच्या स्पर्धेला आयुष्यात पहिल्यांदा, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होते. पहिली लढत सुदर्शनने आरामात मारली. दुसऱ्या लढतीत समोर पुण्याचाच पोरगा आला आणि दोन गुणांनी जिंकला. राष्ट्रीय स्पर्धा गेली, भरतीतली जागा गेली. मला वाईट वाटलं. आजही वाटतं, खोटं कशाला बोलू? चौपन्नमध्ये तो जिंकला असता, हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे. आज तो एका शाळेत पोरांना खेळ शिकवतो. मावशींचं मनगट बरं झालं.

त्या दिवशी परतीच्या गाडीत तो खिडकीला डोकं लावून बसला होता, आणि काय बोलावं हे मी मनातल्या मनात जुळवत होतो. दुपारी तीनला जयसिंगपूरच्या स्टँडवर उतरलो. त्याने खांद्यावर बॅग घेतली. मी म्हटलं, “सुदर्शन, चल, आधी मिसळ खाऊ. मग सावकाश घरी जा. आईला सांगायला धीर येईल.”

“नको, सर,” तो म्हणाला आणि चालायला लागला. “आई जेवायची थांबली असंल.”